पडद्यावरचा सूर्य

"थांबा! एक पाऊलही पुढं टाकू नका!"

पहाटेच्या काळोखात कुणी असं ओरडलं, तर माणूस घाबरतं. आमची पोरगी चिडली.

"ओरडता काय? मला दिसतोय दोर!"

"मग कशाला बांधलाय, तेही दिसत असेल."

"तुमचे कपडे वाळत घालायला असेल!"

अशी झाली दोघांची ओळख. ती कॅमेऱ्यावाली, तो समुद्रकड्याचा राखणदार. मी काही तिथं नव्हतो. थोडं तिनं सांगितलं, थोडं त्यानं. मीठमसाला माझा.

आता ती तिथं कशाला कडमडली, ते ऐका. माझा फोटो स्टुडिओ आहे. मागं माझ्याच हातानं रंगवलेला पडदा – समुद्रात उभे दोन उंच सुळके, मधोमध उगवता सूर्य. तीस वर्षं नवी जोडपी त्याच्यापुढं उभी केली. पण खरा सूर्य तिथं उगवताना मी एकदाही पाहिला नाही. सगळं ऐकीव. मी कड्यावर गेलो असतो, तर दुकान कुणी उघडलं असतं? आणि आता तर गुडघेही गेले. यंदा पडदा फाटला, तो बरोब्बर सूर्यातून. मी मुकाट्यानं चिकटपट्टी लावत बसलो होतो, ते पोरीनं पाहिलं.

"बाबा, खरा आणते. भिंतभर मोठा."

घरात आम्ही तिला घोरपड म्हणतो. एकदा चिकटली की चिकटली.

सगळे सांगायचे, या दिवसांत सहाच पहाटे सूर्य त्या फटीतून वर येतो, आणि दिसतो तो कड्याच्या एकाच टोकावरून. ते टोक नेमकं दोरापलीकडं, आणि टोकाआधी भेग. राखणदारानं भेगेवर आडवी प्लॅस्टरची पट्टी बसवून वर तारीख घातली होती. जमीन हलली की पट्टी तडकते.

"कालच लावलीय," तो म्हणाला. "सात दिवस न तडकता राहिली, तर कमरेला दोर बांधून पाच मिनिटं सोडीन. त्याआधी माझी आई आली तरी नाही."

"म्हणजे शनिवारी. सूर्याचा शेवटचा दिवसही शनिवारच!"

"मग सूर्याशी बोला."

दुसऱ्या दिवशी ही परत हजर. तिसऱ्याही. दोराच्या अलीकडून एक सुळका दुसऱ्यामागं लपतो, तरी तिथंच ठाण मांडून बसायची.

"पट्टी कशी आहे?"

"ताप नाही," तो म्हणायचा, आणि थर्मासमधला चहा पुढं करायचा.

चौथ्या पहाटे भुरभुर पाऊस आला. त्यानं छत्री उघडली आणि धरली कुठं, तर कॅमेऱ्यावर.

"अहो, मी भिजतेय!"

"तुम्ही वाळाल. तो वाळेल का?"

आणि स्वतः चिंब भिजत उभा. ही तक्रार तिनं मला फोनवर तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा हसत. मी बापमाणूस... समजायचं ते समजलो.

शनिवारी आभाळ लख्ख होतं. त्यानं बॅटरीचा झोत वरून पट्टीवर मारला. "तडकली नाही." मग तिच्या कमरेला दोर बांधला. गाठ तीनदा चुकली, तीनदा सोडून परत मारली.

"थंडी वाजतेय?" तिनं विचारलं.

"हो... थंडीच."

आधी तो स्वतः कॅमेऱ्याचं तिकाटणं घेऊन पलीकडं गेला, जागा पक्की करायला. दोर एकच, तो हिच्या कमरेला. हिनं कॅमेरा काढण्यासाठी आपली बॅटरी खाली दगडावर ठेवली. उजेड जमिनीसरसा गेला – आणि पट्टीवर केसाएवढी काळी रेघ उमटली.

आमच्या धंद्यात शेंबड्या पोराला कळतं, समोरून उजेड टाकला की सुरकुती लपते, बाजूनं टाकला की दिसते.

पूर्व लाल झाली होती. पाच मिनिटांचंच काम होतं. गप्प राहिली असती, तर कुणाला कळलं असतं?

"मागं या! पट्टी तडकलीय!"

"मी आत्ता पाहि–"

"तुम्ही वरून पाहिलीत! मागं या म्हणते ना!"

तो आला. तिनं त्याची बाही धरली, ती सोडलीच नाही. पलीकडं सूर्य फटीत उगवला आणि निघूनही गेला. तिनं कॅमेरा उचललासुद्धा नाही. त्याच दुपारी आमच्या दुकानाएवढा तुकडा समुद्रात गेला, पण ते नंतर.

"गेला तुमचा फोटो," तो म्हणाला.

"पुढच्या वर्षी येईन. नाही जमलं तर त्याच्या पुढच्या. सोडणार नाही." डोळे भरलेले, पण हनुवटी वर.

त्यानं घसा खाकरला. "आणखी एक जागा आहे... सूर्य रोज थोडा सरकतो ना? तेरा दिवसांनी त्याच फटीतून थेट माझ्या उशीवर येतो."

"उशीवर?"

"माझ्या खोलीच्या खिडकीतून."

"आणि हे इतके दिवस सांगितलं नाहीत?"

"कसं सांगू? परक्या मुलीला म्हणू, पहाटे माझ्या खोलीवर या?"

ती इतकी हसली की दगडावर बसावं लागलं. "मग आज कसं म्हणताय?"

"आज..." तो बाहीकडं बघत म्हणाला, "परकी वाटत नाहीस."

"बाबांना घेऊन येईन."

त्याचा चेहरा उतरला.

"घाबरलात?"

"पट्टीपेक्षा जास्त."

तेरा दिवसांनी मी गुडघ्यांना तेल चोळून त्या खोलीवर पोचलो. फोटोत आड येऊ नयेत म्हणून पठ्ठ्यानं खिडकीचे गज कापून ठेवले होते! मग सूर्य आला. दोन सुळक्यांच्या मधून, हळूहळू... मी तो पडद्यावर पिवळा रंगवलेला, खरा निघाला लालबुंद. पोरीनं धडाधड फोटो काढले आणि कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता म्हणाली,

"बाबा, मला हा माणूस हवाय."

त्याच्या हातातला चहा बशीत सांडला.

"आणि तुझं काय रे?" मी विचारलं.

"तिनं दोर धरला तर... कुठंही येईन."

मी तिच्या हातातून कॅमेरा घेतला. "खिडकीशी उभे राहा. हनुवटी खाली. जवळ या... अजून जवळ. अरे, लग्नाचा फोटो काढतोय, ओळखपत्राचा नाही!"