पाठ भरून राहिली

उमरेडहून साडेसातला सुटलेल्या बसमध्ये काजल, तिची आई माया आणि आजोबा मधुकरराव अगदी शेवटच्या सीटवर बसले होते. बस सुटून दहाच मिनिटं झाली असतील, आजोबांनी मान वळवली.

"मागून कोन पाठ टोचून राहिलं वं?"

"आबाजी, मागं नुसती काच आहे," काजल म्हणाली.

"मंग काच टोचून राहिली."

साडेदहाला नागपूरच्या हॉस्पिटलात जांघेतून बारीक नळी घालून त्यांच्या हृदयातला अडथळा काढला. सिस्टरनं पट्टीभोवती पेनानं गोल काढला, खाली वेळ लिहिली. सूज गोलाबाहेर गेली तर सांगायचं. सहा तास पाय वाकवायचा नाही, कूस बदलायची नाही. आई औषधं आणायला खाली उतरली आणि पहारा दहावीतल्या काजलकडे आला. चाळीस वर्षं हातमाग चालवलेला पाय स्थिर ठेवणं म्हणजे काही गंमत नव्हती.

शेजारच्या खाटेवर हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी बसली होती. तिनं काजलचा हिरवा पेन मागितला. काजलनं दिला.

"पाठ भरून राहिली," आजोबा म्हणाले.

"भरून आली म्हणा. झोपून झोपून आखडली." वक्तृत्वात पहिली आल्यापासून काजल सगळ्यांचं मराठी दुरुस्त करायची. आजोबांना त्याचंही कौतुक.

"तो बराबर बोलून राहिला," म्हातारी म्हणाली. "आली नाही. अजून भरून राहिली, आतून."

काजलनं आजोबांच्या कपाळाला हात लावला. गार, ओलं.

ती धावत सुटली. सिस्टरनं येऊन गोल पाहिला. "सूज नाही गं."

"तिथं नाही. पाठीत भरून राहिलंय, आत काहीतरी भरत चाललंय."

सिस्टर हसली. मग तिनं बीपी घेतलं, आणि तिचं हसू गेलं.

स्कॅनमध्ये दिसलं, नळी घातली तिथून रक्त आतल्या आत झिरपून पोटामागं साचत होतं. असं क्वचितच होतं, डॉक्टर म्हणाले. वेळेत कळलं म्हणून वाचले.

दुसऱ्या दिवशी आजोबा डोळे मिचकावत म्हणाले, "मले मराठी शिकवते."

काजल रडता रडता हसली. शेजारच्या खाटेवर गादी गुंडाळलेली होती.

"त्या आजी गेल्या?"

"कोण आजी?" सिस्टर म्हणाली. "ही खाट आठवडाभर रिकामीच आहे."

गादीवर हिरवा पेन होता.

मग तिनं चादर बदलायला आजोबांना हळूच कुशीवर वळवलं. पाठीवर हिरव्या शाईचा गोल होता.

खाली वेळ लिहिली होती. सकाळी ७:४०.