निळ्या चौकड्यांचा रुमाल

तो पहिल्यांदा बोलला, ते माझ्या ओढणीबद्दल.

“तुमच्या घरात उंदीर फार झालेत वाटतं?”

मुरबाड स्टँडवर धसईची एसटी लागली होती आणि खिडक्यांपाशी झुंबड उडाली होती. मी ओढणीवरची बारीक भोकं पाहिली.

“उंदीर नाही, ॲसिड. मी एमआयडीसीत लॅबमध्ये असते.”

“म्हंजे उंदीर परवडले,” असं म्हणत त्याने निळ्या चौकड्यांचा रुमाल खिडकीतून आत टाकला.

आमच्याकडे रुमाल पडला की जागा झाली. मग दारातून सावकाश चढावं, कोणी भांडत नाही. माझा हात खिडकीपर्यंत पोचत नाही. त्या दिवशी वर चढले, तर रुमाल दोघांच्या जागेवर पसरलेला...

मग रोज संध्याकाळी तसंच होऊ लागलं. तो मधल्या फाट्यावर उतरायचा, मी शेवटी, धसईला. त्याच्या बाहीला राळेचा वास यायचा, त्यावरून मी सोल्डरिंग ओळखलं. बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. हसू येण्याआधी त्याची डावी भुवई जराशी हलायची. एवढं सगळं मी टिपलं होतं, पण नाव विचारलं नव्हतं. त्यानेही नाही. नावामागून आडनाव येतं, आडनावामागून जात, आणि मग एसटीतली जागासुद्धा वेगळी होते. हे दोघांनाही कळत असावं.

म्हसा गावची जत्रा भरली आणि तो दिसेनासा झाला.

बऱ्याच गाड्या जत्रेकडे वळवल्या होत्या. मी उभ्याने जात होते. दुकानाला कुलूप होतं. आजारी असेल? की घरी काही ठरलं असेल त्याचं? लॅबमध्ये एकच द्रावण मी दोनदा मोजत होते, आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा येत होता.

त्यात रविवारी बदलापूरचे पाहुणे मला बघायला येणार होते. होकार आला की नोकरी बंद, असं बाबांनी सांगून टाकलं होतं. शनिवारी आईने रजा घ्यायला लावली होती. म्हणजे शुक्रवारची संध्याकाळ, एवढंच हातात होतं.

त्याचा रुमाल माझ्या पर्समध्ये होता. माझं बोट कापलं तेव्हा त्याने बांधलेला; धुऊन, इस्त्री करून ठेवलेला. शुक्रवारी गाडी लागली तशी मी चाकावर पाय दिला, खिडकीची सळई धरली आणि रुमाल आत फेकला.

आमच्या आळीतल्या सकुबाई रिकामी टोपली घेऊन चढल्या.

“सरक गो.”

“मावशी, जागा धरलीय.”

“कोनाची?”

“येतायत.”

“कोन येतायत? नाव नाय त्याला? कोन लागतो तुजा?”

रुमालावर हात ठेवून मी म्हणाले, “माझा आहे.”

“आयका,” सकुबाई गाडीभर ऐकू जाईल अशा बोलल्या, “महिपतच्या पोरीचा मानूस यायचाय. कोनी बसू नका रे.”

मागे हशा पिकला. घंटी वाजली, गाडी हलली. शेजारची जागा रिकामीच. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण आत बघवत नव्हतं. आणि स्टँडच्या फाटकात गाडीने ब्रेक मारला.

तो धापा टाकत चढला. दाढी वाढलेली, आवाज पार बसलेला.

“जत्रेत पाळण्यांची लायटिंग होती माज्याकडं... निरोप धाडनार होतो. पन कोनाच्या नावानं धाडू?” मग त्याला रुमाल दिसला. “हा तुमी टाकलात?”

“चाकावर चढून.”

डावी भुवई हलली.

“हाच काय?” सकुबाई वळल्या. “नाव काय पाव्हनं?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याने खोटं सांगावं, काहीही सांगावं, असं मला त्या क्षणी वाटलं.

“बुद्धभूषण,” तो म्हणाला.

मागचं हसणं थांबलं. सकुबाई “बरं” म्हणाल्या आणि तोंड पुढे वळवून उभ्या राहिल्या.

तो रुमालाची घडी घालू लागला. “मी पुढं जाऊन उभा राहतो. चुकून बसला म्हना.”

“मी त्यांना आधीच सांगितलंय.”

“काय?”

“माझा आहे म्हणून.”

घडी अर्ध्यावर राहिली.

“माझं नाव अक्षदा,” मी म्हणाले. “परवा मला बघायला येणार आहेत.”

मग त्याने खिशातून बैलाच्या गळ्यात बांधतात तसली लहानशी पितळी घंटी काढली. “म्हशाच्या जत्रंतली हाय. बांगड्याच घेनार होतो, पन माप ठाऊक नव्हतं.”

वाजू नये म्हणून मी ती मुठीत दाबून धरली.

“घाबरलात?” मी विचारलं.

“हां. तुमी?”

“मीपण.”

“सकुबाईंच्या आधी मला घरी पोचायचंय,” मी हळूच म्हणाले. “बाबांना माझ्या तोंडून कळायला हवं. मावशींचे गुडघे दुखतात, आपण... म्हणजे मी... भरभर चालले तर—”

पुढचं बोलायच्या आत कंडक्टर आला. “फाटा ना?”

मी मान खाली घातली.

“एक धसई,” बुद्धभूषण म्हणाला.

“धसई? परत यायला गाडी नाय हां आता.”

“चालत येईन.”

सकुबाईंनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं. गाडी खड्ड्यातून गेली आणि माझ्या मुठीत घंटी वाजली. या वेळी मी ती दाबली नाही.