टोपीवरची पांढरी पट्टी

केटल रिव्हर विद्यापीठाच्या अतिथिगृहात तीन कुलगुरू एकमेकांशी बोलेनासे झाले, तेव्हा लीगचे आयुक्त लाइल ब्रॅकेट यांनी गाडी काढली आणि थेट व्हर्ना टॉलफसनचं दार गाठलं. कुलगुरूंनी अबोला धरणं यात नवं काही नव्हतं. नवं हे, की संध्याकाळी चारला त्यांना एकमतानं मत द्यायचं होतं.

व्हर्नानं उभी हयात बास्केटबॉलच्या मैदानावर पंच म्हणून काढली होती. गुडघे बोलायला लागल्यावर तिनं शिट्टी खुंटीला टांगली आणि खाजगी तपासाचं काम सुरू केलं. दोन्ही धंद्यांत लोक खोटं बोलतात. या धंद्यात प्रेक्षक ओरडत नाहीत, एवढीच सोय.

तिचा दीर मर्ल हक तिथंच होता. विमा विकून निवृत्त झालेला हा गृहस्थ रोज जेवणाच्या वेळी योगायोगानं तिच्याकडे येत असे.

"बसा, लाइल," व्हर्ना म्हणाली. "कोणी मेलं का?"

"मेलं असतं तर सोपं होतं," ब्रॅकेट म्हणाले. "फुलं पाठवून मोकळं झालो असतो."

प्रकरण असं होतं. कॉलेजच्या खेळाडूंनी कोणाच्या जाहिराती कराव्यात, याचा एकच नियम लीगमधली तिन्ही विद्यापीठं मिळून करत होती. एकट्यानं कडक नियम केला, तर चांगला खेळाडू शेजारी पळतो. म्हणून तिघं एकत्र. काल संध्याकाळपर्यंत बंद खोलीत फळ्यावर मसुदा तयार झाला. शेवटच्या कलमावर बरीच हमरीतुमरी झाली, पण तेही लिहिलं गेलं: खेळाडूचा करार आणि विद्यापीठाचा करार एकमेकांवर आदळले, तर खेळाडूचा टिकेल.

"आणि आज उजाडता उजाडता त्या फळ्याचा फोटो चाहत्यांच्या संकेतस्थळावर," ब्रॅकेट म्हणाले. "नाव नाही, गाव नाही. माजी विद्यार्थी खवळलेत. एकानं तर आम्हाला देणगी दिलेली बाकं परत मागितलीयत."

"संशय कोणावर?"

"ताविया रेनफ्रोवर. केटल रिव्हरचीच, अडथळ्यांची शर्यत पळते. खोलीत विद्यार्थ्यांची एकच खुर्ची होती, तिच्यावर ती होती. ते शेवटचं कलमही तिचंच."

"मग ती स्वतःचंच कलम कशाला फोडेल?" मर्लनं विचारलं.

"लोकांचा दबाव यावा म्हणून, असं कुलगुरू म्हणतात. फोटोत फळ्याखाली तिची टोपी दिसते. सकाळी टोपी तिथंच सापडली. दोषी ठरली तर मोसमातून बाद. शेवटचं वर्ष आहे पोरीचं, शिष्यवृत्तीही गेली. विद्यार्थ्यांची खुर्चीही काढायची म्हणतात, आणि ते कलमही."

व्हर्नानं कोट चढवला. मर्लनं ताटातला उरलेला मका एका घासात संपवला. त्याच्या दृष्टीनं तपासाला सुरुवात झाली होती.

*

अतिथिगृहाच्या दारापासून जिन्यापर्यंत जिकडे तिकडे नारिंगी गोल होते. ब्रिनो या क्रीडासाहित्याच्या कंपनीची ती खूण. केटल रिव्हरचा ब्रिनोशी करार होता, त्यामुळे पायपुसणं, पडदे, कॉफीचे मग, सगळ्यांना गोल उगवले होते. बैठकीच्या खोलीची किल्ली स्वागतकक्षात खिळ्याला लटकत होती. तिथं कोणी बसत नसे. ज्याला हवी त्यानं घ्यावी.

फोटो साधाच होता. वर फळा, खाली खडू ठेवायच्या कडेवर टोपी. टोपीच्या कपाळावर 'डॅगेट पाय' असं भरतकाम, त्याखाली चेरीचा पाय, म्हणजे फळांचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ. ताविया गावातल्या याच दुकानाची जाहिरात करत असे. टोपीच्या बाजूला पांढऱ्या चिकट पट्टीचा एक तुकडा.

खरी टोपी टेबलावर होती, पट्टीसकट.

"बघा," ब्रॅकेट म्हणाले. "खेळाडू घोट्याला बांधतात तीच पट्टी. आणखी काय हवं?"

व्हर्नानं पट्टी उचलायला नख लावलं, तर नखाची गरजच पडली नाही. पट्टीचं टोक आधीच इवलंसं दुमडून ठेवलेलं होतं. ते धरून ओढताच पट्टी अलगद निघाली. खाली नारिंगी गोल होता; टोपी ब्रिनोनं बनवलेली. पट्टीची दुसरी कड हातानं फाडलेली, पण कात्रीनं कापल्यासारखी सरळ.

"काय दिसलं?" मर्लनं विचारलं.

"टोपी."

"ती मलाही दिसली."

"मग तू मागे नाहीस," व्हर्ना म्हणाली.

*

ताविया पायऱ्यांवर बसली होती. उंच, सडपातळ, आणि रडून झाल्यावर चिडलेली.

"बाई, मी अडथळ्यांवरून उड्या मारते," ती म्हणाली. "पण ते अडथळे एका जागी उभे असतात. हे कोट घालून फिरतात."

"टोपी खोलीत कशी आली?"

"मला काय माहीत? काल जेवायला बसताना भोजनगृहात खुंटीला अडकवली आणि तिथंच विसरले. सकाळी घ्यायला आले, तर म्हणे पुरावा झालीय."

"ही पट्टी तू लावलीस?"

"मी? घोट्याला पट्टी आमचा ट्रेनर बांधतो. एकदा माझी मी बांधली, तर पाय वाढदिवसाच्या भेटीसारखा दिसत होता. संघ अजून चिडवतो."

मर्लला तिची दया आली. तिनं पुढे केलेल्या खोक्यातला चेरीचा पाय त्यानं त्या दयेपोटीच घेतला, आणि ऍल्युमिनियमच्या ताटलीच्या धारेवर बोट कापून घेतलं.

तो बोट धरून दिवाणखान्यात आला, तेव्हा यजमान कुलगुरू होबार्ट नेल्स तिथं कॉफीचे मग नीट मांडत होते. प्रत्येक मगावरचा गोल ते दाराकडे वळवत होते.

"अरेरे, रक्त!" नेल्स म्हणाले. त्यांनी औषधांची पेटी उघडली, पांढऱ्या पट्टीचं रीळ काढलं आणि पट्टी फाडायला घेतली. पट्टी ताणली, पिळवटली, दोरीसारखी झाली. फाटली मात्र नाही. "कात्री कुठंय? पेटीत कात्री कशी नाही? या विद्यापीठात..."

"द्या इकडे, होबार्ट," टॉल क्रीकचे कुलगुरू ऑर्विल स्टॅनहोप हसत उठले. उंचेपुरे, पांढरे केस, आवाज प्रचारसभेचा. त्यांनी मर्लशी हवापाण्याच्या गप्पा मारता मारता बोटाकडे न बघता पट्टी फाडून बांधूनही टाकली. "झालं. आता दहा पाय खा."

"आभारी आहे," मर्ल म्हणाला. त्याला हा माणूस फार आवडला.

व्हर्नानं आधी नेल्सना गाठलं.

"मी सरळ सांगतो," नेल्स म्हणाले. "पोरगी हुशार आहे आणि मला तिचा वैताग येतो. काल आमचं भांडण झालं, आवाज जिन्यापर्यंत गेला असेल. पण अहो, बदनामी कोणाची झाली? माझ्या विद्यापीठाची! माझ्या खोलीची! त्या फोटोत आमच्या ब्रिनोचा साधा गोलसुद्धा नाही. निदान तेवढं तरी दिसायला हवं होतं."

वेक्सलर विद्यापीठाच्या डॉ. फिलिपा गॅरो रसायनशास्त्राच्या. त्या खिडकीत पाय वर घेऊन वाचत बसल्या होत्या. बुटांवर नारिंगी गोल लखलखत होता.

"तुमचा करार टोरव्हॅकशी आहे ना? ब्रिनोच्या प्रतिस्पर्ध्याशी?" व्हर्नानं विचारलं.

"असेल. क्रीडाविभागाला माहीत. का?"

"बूट ब्रिनोचे आहेत."

गॅरोबाईंनी बुटांकडे प्रथमच पाहिल्यासारखं पाहिलं. "सेलमध्ये होते. अच्छा! म्हणून मागच्या सामन्याला आमच्या माणसानं गुडघे टेकून माझ्या बुटांना चिकटपट्टी लावली होय? मला वाटलं, फाटले असतील. मी त्याला बक्षीस दिलं."

"कलमाबद्दल तुमचं मत?"

"मुलांच्या नावावर मुलांचा हक्क. याला तीन कुलगुरू आणि दोन दिवस लागतात, हे मला अजून उमगलेलं नाही."

शेवटी स्टॅनहोप. त्यांचं विद्यापीठही टोरव्हॅकचंच. नवं स्टेडियम टोरव्हॅकच्याच नावानं उभं राहत होतं. त्यांनी हातातल्या मगाभोवती कागदी रुमाल गुंडाळला होता.

"मी या क्षेत्रात टॉवेल उचलण्यापासून वर आलोय, बाई," ते म्हणाले. "खेळाडूंवर माझा जीव आहे. त्या मुलीबद्दल वाईट वाटतं. पण शिस्त म्हणजे शिस्त. ती खुर्ची मुळात ठेवायलाच नको होती."

"आणि कलम?"

"मी काल मान्य केलं ना! एकमतासाठी माणसानं थोडं वाकावं. आता लोकच नको म्हणतायत, त्याला मी काय करू?"

बाहेर आल्यावर मर्ल म्हणाला, "मला सांगशील तर नेल्स. भांडण झालेलं, स्वतःचं घर, सगळं जुळतं. स्टॅनहोप सज्जन आहे. गरम मग हातात धरून कसा शांत बोलत होता!"

"तू प्यालास ती कॉफी?"

"प्यालो. नदीच्या पाण्याइतकी गार."

"मग त्यांचा मग कशानं भाजत होता?"

मर्लनं विचार केला. विचार पायवर येऊन थांबला.

व्हर्नानं डॅगेटच्या दुकानात फोन लावला.

*

मतदानाआधी सगळे बैठकीच्या खोलीत जमले. ताविया दाराशी उभी होती. तिची खुर्ची कोणीतरी आधीच भिंतीला लावून ठेवली होती. टेबलावर डॅगेटच्या टोप्यांचा ढीग होता.

"दुकानानं भेट पाठवल्यात," व्हर्ना म्हणाली. "नियम पास होवो न होवो, आयुक्तांना एक फोटो हवाय. प्रत्येकानं एक टोपी छातीशी धरा. मर्ल, काढ."

ब्रॅकेटना फोटो नको होता, पण सांगितल्याप्रमाणे ते गप्प राहिले. मर्लनं फोटो काढला. व्हर्नानं तो मोठ्या पडद्यावर लावला आणि बराच वेळ बघत राहिली.

"आता काल रात्रीचं बोलू," ती म्हणाली. "लाइल, पट्टी खेळाडूंची, म्हणून चोर खेळाडू, असं तुम्ही म्हणालात. मी विचारते, पट्टी लावली कशाला? टोपी जो विसरतो, तो तिला आधी पट्टी लावत बसत नाही. आणि पट्टी नावावर नाही. 'डॅगेट पाय' ठसठशीत दिसतंय. झाकलाय तो फक्त ब्रिनोचा गोल."

"म्हणजे?" नेल्स म्हणाले.

"म्हणजे टोपी मुद्दाम ठेवलेली. तावियाचं दुकान दिसावं म्हणून. पण ठेवणाऱ्याला ब्रिनोची खूण फोटोत जाणं सोसवेना. तावियाला ती का खुपेल? तिचं विद्यापीठ ब्रिनोचं. नेल्ससाहेबांना तर गोल दिसला नाही याचंच दुःख आहे. राहिली दोन टोरव्हॅकवाली विद्यापीठं. गॅरोबाई ब्रिनोचे बूट घालून फिरतात, त्यांना सांगावं लागतं."

"हो, आत्ताच कळलं," गॅरोबाई म्हणाल्या.

स्टॅनहोप मंद हसले. "एवढ्यावर? पट्टी कोणीही लावेल."

"लावेल. फाडू शकणार नाही. नेल्ससाहेबांनी प्रयत्न केला, दोरी झाली. आणि जो वर्षानुवर्षं घोटे बांधतो, तोच शेवटचं टोक दुमडून ठेवतो, खेळाडूला सोडवताना नख लावावं लागू नये म्हणून. मर्ल, बोट दाखव."

मर्लनं बोट वर केलं. स्वच्छ सरळ फाडलेली पट्टी, आणि टोकाला इवलीशी घडी. व्हर्नानं टोपीवरची पट्टी शेजारी धरली. जुळी भावंडं.

"मी दुपारभर पुरावा घेऊन हिंडत होतो?" मर्ल म्हणाला.

"पहिल्यांदाच उपयोगी पडलास." व्हर्ना स्टॅनहोपकडे वळली.

"टॉवेल उचलणारी मुलं घोटेही बांधतात, स्टॅनहोपसाहेब. तिथंच शिकलात. गार मगाभोवती रुमाल होता, कारण मगावर गोल होता. कलम पास झालं असतं, तर टोरव्हॅकच्या स्टेडियमवर तुमचेच खेळाडू ब्रिनोचे बूट घालून उतरले असते. उघड विरोध करायची सोय नव्हती. मुलं तुम्हाला सोडून गेली असती. म्हणून फळ्याचा फोटो बाहेर फोडायचा, पोरीला अडकवायचं, आणि लोकांनाच नको म्हणायला लावायचं."

"हा अंदाज आहे."

"पडद्यावर बघा."

सगळ्यांनी पाहिलं. नेल्स गोल पुढे करून उभे होते. गॅरोबाईंनी टोपी उलटी धरली होती. स्टॅनहोप रुंद हसत होते, टोपी छातीशी, आणि त्यांचा अंगठा ब्रिनोच्या गोलावर अचूक, घट्ट बसलेला.

स्टॅनहोपनी हातातल्या टोपीकडे पाहिलं. अंगठा अजून तिथंच होता. त्यांचा आवाज एकदम लहान झाला.

"मी पट्टी लावली होती?" ते म्हणाले. "मला आठवतसुद्धा नाही."

मग ताविया पुढे आली, भिंतीची खुर्ची उचलली आणि टेबलाशी स्टॅनहोपच्या समोर ठेवून बसली.

"मला आठवतंय सर," ती म्हणाली. "गेल्या वर्षी तुमच्या मैदानावर पळताना माझ्या बुटांना पट्टी लावायला माणूस पाठवला होता तुम्ही. त्यानंही टोक दुमडलं होतं."

चारला मतदान झालं. मसुदा बाहेर फोडणाऱ्या माणसाला लीगच्या कामातून काढायचा नियम ब्रॅकेटनी वाचून दाखवला, आणि टॉल क्रीकचं मत कुलगुरूंऐवजी उपकुलगुरूंनी फोनवरून दिलं. त्यांना कलम दोनदा समजावून सांगावं लागलं. तिसऱ्यांदा तावियानं स्वतः सांगितलं. मत बाजूनं पडलं. शेवटचं कलम फळ्यावर होतं तसं राहिलं, आणि खुर्चीही.

पायऱ्यांवर ताविया टोपी घालून उभी होती, गोल आणि चेरी दोन्ही उघडे.

"आता काढू का ही?" मर्लनं बोट पुढे केलं.

"पुरावा दाखल झाला. काढ."

मर्लनं दुमडलेलं टोक चिमटीत धरून ओढलं. पट्टी एका दमात, जराही न दुखता निघाली. तो तिच्याकडे बघत राहिला.

"माणूस वाईट निघाला," तो म्हणाला, "पण काम बघ कसं केलंय!"

"म्हणूनच सापडला," व्हर्ना म्हणाली, आणि गाडीची किल्ली त्याच्याकडे फेकली.