डाव्या हाताचे मार्क

बाबांना लकवा मारला तेव्हापासून त्यांची परीक्षा रोज दुपारी चारला. डॉक्टर क्षिप्रा मॅडम कागद घेऊन खाटेशी उभ्या राहायच्या. महिना कोणता, वय काय. डोळे मिटा. हात उचला, मी दहा म्हणेपर्यंत तसाच ठेवा. मूठ आवळा, सोडा. जेवढं जमत न्हाय तेवढे मार्क. शून्य म्हणजे ठणठणीत. अशी परीक्षा आठवीत असती तर मी शाळा सोडली नसती, असं मी बोलले, तर मॅडम हसल्या.

पहिल्या दिवशी डाव्या हाताला चार मिळाले. चार म्हणजे मेलेला हात.

मला तो हात परत पायजे होता. बाबा दिवेआगरला लोकांच्या वाड्यांत नारळ पाडतात. एका हातानं माडावर कोण चढतं? मी दिवसभर तो हात चोळत बसायचे. गरम व्हायचा न्हाय, मग मी त्याच्यावर चिडायचे. वॉर्ड खाडीकडं होता. पडदे सावकाश फुगायचे, सावकाश बसायचे. भिंतीवर पाण्याचा उजेड हलायचा, त्यात खाटांवरची माणसं पाण्याखाली निजल्यासारखी वाटायची. मला पण झापड यायची.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी डावा हात उचलून बाबांना दाखवला. हा कोणाचा?

"अनंताचा," बाबा बोलले.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. या आजारात होतं असं, पेशंटला आपलाच हात दुसऱ्याचा वाटतो. पण अनंता कोण? माझा काका, मी सांगितलं. नारळ पडून करंगळी वाकडी झालेला. निसर्ग वादळात गेला.

पुढचं न्हाय सांगितलं. दोघं भाऊ छपरावर पत्रे दाबायला चढलेले. काका घसरला, बाबांनी डाव्या हातानं त्याला धरला. हात निसटला, असं बाबा सगळ्यांना सांगतात. मी खालून बघत होते. बाबांची बोटं उघडली होती. एकेक करून.

चौथ्या दिवशी बाबांनी डोळे मिटायचे आणि मॅडमचं बोट कुठल्या हाताला लागलं ते सांगायचं. मॅडमनी फक्त उजव्या हाताला बोट लावलं.

"दोन्हीकडं," बाबा बोलले.

परत लावलं. उजवीकडंच.

"दोन्हीकडं."

डावा हात चादरीवर एकटा पडलेला. नीट सांगा की, मी खेकसले. बाबांनी डोळे न उघडता विचारलं, "तुला दिसत न्हाय व्हय?"

पाचव्या दिवशी डावा हात उठला.

मॅडम मोजत होत्या. सात, आठ, नऊ, दहा. हात जरासा पण खाली आला न्हाय. मला रडूच आलं.

मग मॅडम बोलल्या, पोरीचा हात धरा बघू. मी मनगट पुढं केलं. हातानं ते धरलं. थंड होता.

"छान. आता सोडा."

सोडला न्हाय.

"रावजीभाऊ, सोडा."

बाबांच्या तोंडाची डावी कड ओघळलेली. उजवा हात चादर चोळत होता.

"मी न्हाय धरलाय," बाबा हळू बोलले. "तो सोडायचा न्हाय आता."

पण जोर आला ना, मॅडम खूश होऊन बोलल्या. त्यांनी डाव्या हातापुढं शून्य लिवलं आणि पुढच्या खाटेकडं गेल्या.

पडदा फुगला, बसला.

मी खाली बघितलं. माझ्या मनगटावर आवळलेली करंगळी वाकडी होती.