निवाऱ्याच्या अलीकडे

नवरा जिवंत सापडेल ही आशा शिंपीणबाईने केव्हाच सोडली होती. पण तो कुठे आहे हे न कळता उरलेले दिवस काढायचे कसे, हेही तिला उमगत नव्हतं. म्हणून ती डोंगरधारेवर निघाली.

नवरा हवामान खात्यात होता. महिन्यातून एकदा ती लांबलचक डोंगरधार तुडवून टोकाच्या दगडी निवाऱ्यात जायचं, उपकरणांवरचे आकडे उतरवायचे आणि परतायचं, हे त्याचं काम. या खेपेला तो गेला, त्याला सोळा दिवस झाले होते. शिधा आठ दिवसांचा. शोधपथक दोनदा वादळामुळे अर्ध्या वाटेवरून फिरलं, आणि मग शोध थांबवल्याचा कागद घरी आला.

सतराव्या दिवशी आभाळ लख्ख उघडलं. पहाटेच तिघं एकाच दोराला बांधून, हातात बर्फात रोवायच्या कुऱ्हाडी घेऊन चढायला लागली. पुढे म्हातारा वाटाड्या, ज्याला सगळे काका म्हणत. मध्ये ती. मागे तिचा दीर, मोटारी दुरुस्त करणारा. गॅरेजच्या खड्ड्याहून खोल काही त्याने जन्मात पाहिलं नव्हतं!

"वहिनी, खाली बघू नकोस," तो म्हणाला.

"मी नाही बघत. तुम्हीच बघताय मघापासून."

धारेवर पोहोचल्या पोहोचल्या ती थबकली. चारी बाजूंना डोंगरच डोंगर, एकामागे एक, पांढरे, मग निळसर, मग आभाळात विरून गेलेले. खालची गोठलेली नदी दोऱ्यासारखी बारीक. हवा इतकी स्वच्छ, की पलीकडच्या उतारावरचं एकेक झाड मोजावं. एवढं सगळं दिसत होतं, आणि त्यात एक माणूस तेवढा दिसत नव्हता. पाऊलखूणसुद्धा नाही. वाऱ्याने सगळं पुसून काढलं होतं.

"डावीकडे जाऊ नका," काकांनी बजावलं. "तिथे जमीन नाही. वाऱ्याने बाहेर काढलेला बर्फाचा छज्जा आहे नुसता."

दुपारपर्यंत ती जीव मुठीत धरून चालली. एके ठिकाणी धार इतकी अरुंद झाली, की घोड्यावर बसल्यासारखं बसून सरकावं लागलं. तिचे हातमोजे भिजले, बोटं लाकडासारखी झाली. 

आणि कडाड्!

पायाखालून एक लांब भेग सळसळत गेली. छज्जा तुटला! दीर ओरडलासुद्धा नाही. होता तिथे नुसतं आभाळ उरलं. दोर ताणला. ती आडवी आपटली, फरफटली, कडेकडे ओढली गेली. "कुऱ्हाड रोव!" काका गरजले. तिने सगळ्या अंगाचा भार टाकून कुऱ्हाड बर्फात घुसवली. एक हिसका. दुसरा. थांबली!

"भावजी!"

दोर तसाच ताणलेला.

"अहो भावजी!"

"आहे..." खालून आवाज आला. "पाय गेला गं वहिनी."

त्याला वर ओढायला तासभर लागला. घोट्यापाशी पाय भलतीकडेच वळला होता. काकांनी कुऱ्हाडीच्या दांड्याला तो करकचून बांधला. तिने मान वर केली, आणि समोरच तिला तो दिसला. दगडी निवारा! पुढच्या टेकाडाच्या पलीकडे, काडेपेटीएवढा.

तिने काकांची दुर्बीण डोळ्यांना लावली. धुराड्यातून धूर नाही. दारापाशी कमरेएवढा बर्फ. आणि दारावर बाहेरून आडवी फळी.

"फळी बाहेरून आहे, काका."

काकांनी दुर्बीण घेऊन पाहिलं. "मग तो तिथून निघाला होता, पोरी," ते हळूच म्हणाले. "परतीच्या वाटेला लागला होता."

म्हणजे तो या धारेवरच कुठेतरी होता. कदाचित आज ती त्याच्यावरूनच चालत आली होती.

"दीड तासाचीच वाट असेल," दीर दात आवळून म्हणाला. "तुम्ही दोघं जा. त्याची वही असेल आत. शेवटचं काहीतरी लिहिलं असेल. मी बसतो इथे."

तिला जायचं होतं. देवाशपथ, जायचं होतं! तिने पाऊल उचललंही. मग वळून पाहिलं. दिराचे ओठ काळेनिळे पडले होते, आणि तो थरथरायचाही थांबला होता; अंगातली ऊब संपत आली होती.

"काका, ऊन किती वेळ?"

"दोन तास. फार तर."

"उचला यांना. फिरायचं."

"वहिनी, पुन्हा चढता येणार नाही. हिवाळा संपेपर्यंत..."

"गप बसा! खाली तुमच्या आई आहेत. त्यांचे दोघेही या धारेला द्यायचे का मी?"

त्यांनी त्याला ओढलं, घसरवलं, पाठीवर घेतलं. अरुंद वाटेवर ती पुढून आणि काका मागून, त्याला मध्ये धरून सरकली. डोंगर एकेक करून राखाडी झाले. तिने मागे एकदाही पाहिलं नाही.

पायथ्याच्या वनचौकीत सासूबाई शेगडीपाशी बसल्या होत्या. दार उघडलं तशा त्या उठल्या. आत आलेल्या तिघांकडे पाहिलं, आणि त्यांच्या मागच्या दाराकडेही पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढून धाकट्याला बसवलं.

"कुठवर गेलीस?" त्यांनी सुनेला विचारलं.

"निवारा दिसला तिथवर."

"धूर?"

"नव्हता, आई."

सासूबाईंनी मान हलवली. तिचे ताठरलेले मोजे एकेक करून काढले आणि ती बोटं स्वतःच्या काखेत घट्ट धरून उभ्या राहिल्या.