वखारीसमोरचा मास्तर

लालबागच्या वाचनालयात एकाच पुस्तकावर दोन हात एकदम पडले. एक नलूचा आणि दुसरा एका उंच, सावळ्या तरुणाचा.

"मी आधी धरलं," नलू म्हणाली.

"खरंय. पण मी ते कालच परत केलंय. पुन्हा हवं होतं."

"पुन्हा? खुनी कोण ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ते ठाऊक आहे. त्यानं केलं ते बरोबर की चूक — तेवढं ठरत नाहीये."

तो हसला, पण डोळे काही हसले नाहीत. पुस्तक त्यानं तिच्याकडे सरकवलं. "घ्या. फक्त जपून वाचा."

"का? घाबरेन म्हणून?"

"नाही... सगळ्यांचा संशय येऊ लागतो."

पुस्तकाचं नाव होतं 'मुकी फाशी'. कोर्टातून सुटलेल्या माणसांना आपल्या हातानं शिक्षा देणाऱ्या एकाची ती गोष्ट. दिसायला साधा, बोलायला मऊ. सावजाच्या दारासमोर रोज चहा पीत बसायचं, त्याच्या सवयी पाठ करायच्या आणि एक दिवस शांतपणे रस्ता ओलांडायचा! आणि या माणसाचा पेशा काय, तर शाळामास्तर.

नलू परळला एका शिवणवर्गात बायकांना कपडे बेतायला शिकवायची. वर्ग पहिल्या मजल्यावर होता. खिडकीतून कोपऱ्यावरचं इराण्याचं हॉटेल दिसे आणि त्याच्यासमोर बाबुरावांची कोळशाची वखार. दुपारी बायका टाके घालत बसल्या, की नलू मांडीवर पुस्तक उघडायची. त्या दिवशी अंगावर काटा आला म्हणून तिनं मान वर केली, तर इराण्याच्या दाराशी तोच तरुण. पुढ्यात चहाचा कप. नजर वखारीवर खिळलेली.

दुसऱ्या दिवशीही तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

"कोण गं तो?" तिनं मालनला विचारलं. मालन तिच्या वर्गातली, साऱ्या परळची खबर ठेवणारी.

"तो होय? जयवंत मास्तर. म्युन्सिपाल्टीच्या सकाळच्या शाळेत शिकवतो."

मास्तर! सुई थेट नलूच्या बोटात गेली.

मग मालननं सगळंच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांच्या धामधुमीत, पोलिसांनी मास्तरांच्या थोरल्या भावाला, आनंदाला, घरातून उचललं होतं. परत आला तो एक पाय ओढतच. पोलिसांना नाव कोणी दिलं? पुरावा कसलाच नव्हता, पण गल्लीनं केव्हाच ठरवून टाकलं होतं — बाबुरावांनी!

पुढच्या भेटीत श्रावणाची सर अचानक आली आणि दोघं वाचनालयाच्या पायरीवर अडकली. पत्र्यावरून पाणी ओघळत होतं. तो थोडा बाजूला सरकला, तिचा पदर भिजू नये म्हणून स्वतःचा खांदा भिजू देत.

"कुठवर आलात?"

"मास्तर दोर विकत घेतो, तिथवर." नलूनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तुमचं कुठवर आलंय?"

"माझं?"

"रोज एकाच टेबलावर चहा पिता. वरून दिसतं."

"म्हणजे रोज माझ्याकडे बघता."

"पाळत ठेवते!" नलूचे कान तापले.

"ठेवा की. इतक्या मनापासून आजवर कोणी ठेवली नव्हती."

तिला हसू आलं. लगेच तिनं ते आवरलंही. पुस्तकातला मास्तरही असाच गोड बोलायचा... आणि तरीही, त्याच्या भिजलेल्या खांद्यावरून तिची नजर काही हलेना.

असे दिवस गेले. ती संशय घ्यायची, तो थट्टा करायचा आणि वखारीवरची त्याची नजर मात्र ढळायची नाही.

एका दुपारी मालन धावतच वर्गात आली. "बाई, आज बाबुरावांचा निकाल लागणार! तालमीतली पोरं निघालीत. तोंडाला काळं फासून धिंड काढणार म्हणे."

नलू खिडकीशी गेली. खाली जयवंत उठला, कप सरकवला आणि शांतपणे रस्ता ओलांडू लागला.

नलू जिन्यावरून धावत सुटली. गळ्यात टेप, हातात कापड बेतायची मोठी कात्री, कशाचंच भान नाही. वखारीच्या दारात तिनं त्याचं मनगट धरलं.

"नका ना! असं नका करू!"

त्यानं चकित होऊन आधी तिच्याकडे पाहिलं, मग कात्रीकडे. "सोडा नलू. ती बघा, आली पोरं."

तो वळला आणि पोरांकडे तोंड करून दारात आडवा उभा राहिला. पाच-सहा जण होते. हातांत काठ्या आणि काजळीचा डबा.

"बाजूला हो मास्तर! तुझ्याच भावासाठी आलोय आम्ही."

"मला माहीत आहे. आनंदा माझा भाऊ. बाबुरावला मारायचा हक्क कोणाला असलाच, तर मला. आणि मी मारत नाही. मग तुम्ही कोण?"

"नाव त्यानंच दिलं ना?"

आतून बाबुरावांचा आवाज आला, फुटलेला. "मलाही उचललेलं रे... तळव्यांवर मारत होते. तोंडातून कोणाची नावं गेली, देवाशपथ आठवत नाही."

एक काठी पुढे आली, जयवंतच्या खांद्याला लागली. तो हलला नाही. नलू त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. पोरांनी कात्री पाहिली, तिचा चेहरा पाहिला. पुढचा एक जण पुटपुटला, "चला रे... बाईमाणसापुढे काय!" आणि घोळका पांगला.

जयवंत तिथंच कोळशाच्या पोत्यावर बसला.

"सुरुवातीला मीही त्याच इराद्यानं बसायचो," तो म्हणाला. "मग एक दिवस सरळ जाऊन त्याला विचारलं. उत्तर हेच, आत्ता ऐकलंत ते. शिक्षा करायची ती कोणाला, तेच समजेना. आणि उठून गेलो असतो, तर या पोरांनी केली असती. म्हणून बसून राहिलो."

"मी तुम्हाला खुनी ठरवून टाकलं होतं."

"तरी मनगट धरलंत?"

"तेच तर..." नलूनं मान खाली घातली. "खुनी आहात असं वाटायचं, आणि तुम्हाला काही होऊ नये असंही वाटायचं. दोन्ही एकदम."

त्याचे डोळे पहिल्यांदाच हसले. मग तो गंभीर झाला.

"मलाही तुमच्याबद्दल वाटतं, नलू. केव्हापासून वाटतंय. पण माझं घर नायगावच्या बीडीडी चाळीत. आम्ही बौद्ध झालोय. तुमच्या चाळीत आपल्याला काही न विचारताच निवाडा देतील."

"मग त्यांनी विचारायच्या आधी आपणच सांगू. चला."

"आत्ता?"

"आत्ताच. बाबा पहिल्या पाळीवरून आले असतील."

भर दुपारी दोघं नलूच्या चाळीकडे चालत गेली, बरोबरीनं. गॅलऱ्यांतून माना वाकल्या. नलूचे वडील राजाराम दारातच उभे होते, अंगावर गिरणीतल्या कापसाचे तंतू घेऊन.

"बाबा, हे जयवंत मास्तर. तुमच्याशी बोलायचंय."

राजारामांनी त्याला खालपासून वर न्याहाळलं. "खंय रवतंस?"

जयवंतनं चाळ सांगितली, घर सांगितलं, आपण कोण तेही सांगितलं. एक अक्षर लपवलं नाही. गॅलरीतल्या माना आणखी पुढे झुकल्या. राजारामांनी अंगावरचा कापूस सावकाश झटकला.

"उन्हात कित्याक उभो रवलंस?" शेवटी ते म्हणाले. "भितर ये."

त्यांच्या नजरेत अजून संशय होता, चांगला गडद. नलूला तो चालणार होता. संशय घेत घेतच तर ती स्वतः इथवर येऊन पोचली होती.