रेणूची झोळी

"पोरगी लोंबकाळतीय, नर्सबाई."

केडगाव स्टेशनाच्या बोळात, भर उन्हात, एक अनोळखी माणूस शिलाई मशिनीवरून मान वर न करता मला हे ऐकवतो, म्हणजे काय? माझ्या एका खांद्याला लसीचा निळा डबा, पुढं छातीशी रेणू, कपाळावरून घाम... आणि मी मुळातच तापट. म्हटलं, तुम्ही आपली दप्तरं शिवा, माझ्या लेकीचं मी बघते.

तो हसला. बिरदेव त्याचं नाव. ताडपत्र्या, शाळेची दप्तरं असलं जाड काम शिवायचा. "बघा की," म्हणाला, "पर आधी तिच्या मांड्या बघा."

बघितल्या. दोन्ही मांड्यांवर लाल वळ उठलेले. भावानं पुण्याच्या दुकानातून हौसेनं आणलेला, पोर छातीशी अडकवायचा तो पट्टा. रेणू चार महिन्यांची होती तेव्हा काय गोड दिसायची त्यात! आता दहा महिन्यांची झाली, अंगानं भरली, आणि नुसती खुंटीला टांगल्यासारखी दिसत होती. मला एवढं रडू आलं, की त्या माणसाचाच राग आला.

खरं कारण वेगळंच होतं. मी वरवंडच्या बाजूला उपकेंद्रात नर्स. काडीमोड झालेली, आईचे गुडघे गेलेले, म्हणून लेकीला अंगावर घेऊनच वस्त्या फिरायची. पण आता ती पट्ट्यात रडायची, माझी पाठ धरायची, घरं राहून जायची. आईनं निर्वाणीचं सांगितलं होतं : पुढच्या महिन्यात पोलिओची घरोघरची फेरी आहे, ती जर वेळेत पुरी झाली नाही, तर रेणूला मांडवगण फराट्याला साखरमावशीकडं ठेवायचं, शाळेत जाण्याएवढी होईपर्यंत. मावशी मायेची आहे... पण माझी लेक मला महिन्यातून एकदा दिसणार होती.

हे सगळं मी त्या परक्या माणसाला का सांगत बसले, कुणास ठाऊक. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, झोळी मी शिवतो.

पहिली झोळी शिवली ती चक्क कोकराची! त्याचे आबा मेंढरं राखायचे. वाटेत मेंढी व्याली की कोकरू झोळीत घालून चालायचे, आणि ह्याला तेवढंच माप ठाऊक. रेणू त्यात अशी बुडाली की वर फक्त टोपरं दिसत होतं. मी भर बोळात पोट धरून हसले. तो कानापर्यंत लाल झाला.

"कोकराची कवा तक्रार न्हाई आली," पुटपुटला. मग जरा थांबून म्हणाला, "पट्टा-बिट्टा ऱ्हाऊ द्या. तुमी रोज कशी घेता तिला, तसं घेऊन दावा."

मी रेणूला कडेवर घेतलं. तो उठला, ह्या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं... मला पदर सारखा करावासा वाटला, इतकं बघितलं. पण बघत होता तो रेणूचे गुडघे. पाय माझ्या कमरेला फाकलेले, गुडघे बुडापेक्षा जरासे वर, सगळं वजन बुडावर.

"हे असं पायजे," तो म्हणाला. "ह्या गुडघ्यापास्नं त्या गुडघ्यापत्तोर कापड. आन् पोर वाढंल तसं तेबी वाढाया पायजे."

मग काय, दर बाजाराला मी केडगावात. बाहेरून खाकी कॅनव्हास, आतून त्याच्या आईच्या जुन्या लुगड्याचं मऊ कापड. बुडाला चुण्या घातल्या. पोर वाढली की एकेक चुणी उसवायची. पट्टे दोन्ही खांद्यांवर, म्हणजे एकच बाजू धरायला नको. तो टाके घालायचा, मी रेणूला बसवून मांडीखाली बोट सरकतंय का बघायची. सगळा तालुका मला सिस्टर म्हणायचा, हा गडी तेवढा नर्सबाई. एकदा विचारलंच, असं का?

"जे नगं हाय ते कशाला म्हणू?" म्हणाला, आणि पटकन दोरा तोंडात धरला. मी चहा गार होईपर्यंत ढवळत बसले.

पोलिओची फेरी आली. उसाच्या कडेच्या वस्त्या, वीटभट्टी, नदीकाठची पालं... पाठीवर रेणू, खांद्याला डबा. ती माझे कान ओढायची, शेतातल्या गाईंशी बोलायची, मग मानेवर गाल टेकून झोपायची. भट्टीवरच्या बायांनी झोळी हातानं चाचपून बघितली. शेवटच्या दिवशी चार वाजता माझ्या यादीत एकही घर उरलं नव्हतं.

घरी आले तर साखरमावशी ओट्यावर, शेजारी रेणूच्या कपड्यांचं बोचकं. आईनं रेणूला झोळीतून काढलं, दोन्ही मांड्या निरखल्या. एक वळ नाही. मग बोचक्याची गाठ सोडली आणि मावशीला म्हणाली, चहा टाकते, पिऊन जा. मी न्हाणीत जाऊन मनसोक्त रडले, आणि या वेळी कुणाचाही राग आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बोळ गाठला. त्याला सगळं सांगितलं. तो नुसता हसत राहिला. पण मला एक हिशेब विचारायचा होता.

"मला पट्ट्याचं तिसरं भोक पुरतं. तुम्ही आठ पाडलीत. कुणासाठी?"

"रेणू मोठी व्हईल तवा..."

"रेणूसाठी चुण्या आहेत. पट्टा खांद्याचा असतो."

मशीन थांबली. तो कात्रीशी चाळा करत राहिला.

"शेवटचं माझ्या खांद्याचं हाय," शेवटी म्हणाला. "तुमी दमलाव तर... मधी मधी मी घेईन, म्हणलं. जन्मभर. तुमची राजीखुशी असंल तर."

मी झोळी उतरवली, त्याच्या पाठीवर चढवली, रेणूला बसवलं आणि बक्कल आठव्या भोकात लावलं. अगदी बेताचं बसलं. रेणूनं त्याचे दोन्ही कान पकडले.

"दमले नाही," मी म्हटलं. "पण घ्या."

आम्ही बोळातून बाहेर पडलो, तो पुढं, मी डबा घेऊन बरोबरीनं. टपरीवरून चहावाले पोपटमामा हातातला कप तसाच धरून बघत राहिले.

"बिरदेवा, कोकरू कुणाचं रं?"

तो तोंड उघडायच्या आत मीच बोलले, "आमचं."